नॉमिनीचा रकाना

७ सप्टेंबर, सोमवार

आज विषय औषधवाल्यांनीच काढला. दर महिन्याच्या सात तारखेला ते आईच्या औषधांचं पुडकं बांधून ठेवतात, मी पैसे देऊन घेऊन येते. आई मेच्या सुरुवातीला गेली. त्या सात तारखेला त्यांना सांगायचं सुचलंच नाही. जूनमध्ये दुकानात गर्दी होती. त्यानंतर सांगायची सोय राहिली नाही, कारण मग मागची दोन पुडकी कुणासाठी नेलीत, असं त्यांनी विचारलं असतं.

आज काउंटरवर पुडकं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, माझ्या मिसेसने तुमच्या शेजारणीकडून ऐकलं. आता नको ना बांधू?"

"नको."

"मागची पडून असतील तर आणा. फोडली नसतील तर पैसे परत करतो."

"फोडली," मी म्हणाले. खोटं. चारही पुडकी कपाटात तशीच आहेत, दोऱ्याची गाठसुद्धा सुटलेली नाही.

रिकाम्या हाताने निघायला बरं वाटेना, म्हणून खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. मला खोकला नाही.

म्हणजे महिन्याला बावीसशे उरणार. खर्च करायला घेतले तर चहापाण्यातच उडतील. वय त्रेपन्न, दात-कवळ्या बनवायच्या आमच्या लॅबमध्ये पेन्शन नाही, हात अजून स्थिर आहेत. आणखी बारा वर्षं राहतील असं धरलं, तर बारा वर्षं दरमहा बावीसशे कुठेतरी नीट गुंतवायचे. पुढच्या सात तारखेच्या आत ठरवायचं. इथे लिहून ठेवते, म्हणजे पळवाट नको.

९ सप्टेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये सहज विचारलं, थोडे पैसे दरमहा गुंतवायचे तर कुठे? विचारायला नको होतं. माणसं तीन आणि मतं पाच.

मालक म्हणाले, "बँकेतूनच करा. काचेचा दरवाजा असलेली जागा रातोरात उठून जात नाही."

मेणाच्या टेबलावरची ती म्हणाली, "कुठल्या जमान्यात आहात! हिरवं ॲप घ्या. मी बसमध्ये खातं उघडलं, तीन स्टॉपमध्ये झालं."

पॉलिशकाका डबा पुसत म्हणाले, "बाई, तीस वर्षं लोकांचे दात चमकवतोय. माझी गुंतवणूक एकच, सासरेबुवा. तेही अजून ठणठणीत."

दुपारी मालकांनी पुन्हा त्या मशीनची गोष्ट काढली. डॉक्टर तोंडात कॅमेरा फिरवतो, चित्र तारेवरून येतं, मशीन दात कोरतं. ठसा नको, प्लास्टर नको, मेण नको. "दोन-तीन वर्षं तरी नाही घेत," म्हणाले, पण माहितीपत्रक माझ्याच टेबलावर विसरून गेले.

१२ सप्टेंबर, शनिवार

आईच्या औषधांच्या वेळा लिहायची वही निम्मी कोरी होती. तिच्यातच तक्ता आखला. बँक, हिरवं, निळं. निळं म्हणजे दुसरं ॲप, त्याची जाहिरात मी बसथांब्यावर पाहिली होती. पाटीवर हसणारं कुटुंब नव्हतं, नुसता फोन नंबर होता, म्हणून लक्षात राहिलं.

रकाने: कमीत कमी हप्ता. वर्षाचा खर्च. मधे एखादा महिना चुकला तर दंड. पैसे काढायला किती दिवस. फायदे. तोटे. शेवटचा रकाना, का निवडलं.

तीन तास गेले. शनिवारची दुपार एवढी भरभर कित्येक दिवसांत गेली नव्हती.

१५ सप्टेंबर, मंगळवार

अर्धा दिवस रजा टाकून बँकेत गेले. टाय लावलेला एक जण बसला होता. दात चांगले, पण खालचे दोन घासून आखूड झालेले. झोपेत दात खात असणार. मी हप्त्याबद्दल विचारलं, त्याने विम्याबद्दल सांगितलं. मी पुन्हा हप्त्याबद्दल विचारलं, त्याने त्याच विम्याचं दुसरं पत्रक काढलं.

वर्षाचा खर्च विचारला तेव्हा म्हणाला, "नगण्य हो, दीड टक्का." ॲपवर अर्धा टक्का आहे. एक टक्क्याचा फरक बारा वर्षांत किती होतो, ते घरी मांडून पाहिलं. तेवढ्यात माझा चष्मा दोनदा येतो आणि वर चष्म्याचं घर.

अर्जात एक रकाना होता, नॉमिनी. म्हणजे मी गेल्यावर पैसे कुणाला द्यायचे.

"मिस्टरांचं टाका," तो म्हणाला.

"नाहीत. कधीच नव्हते."

"मग मुलांचं."

मी पेनाला टोपण लावलं.

"कुणाचंही टाका हो, नंतर बदलता येतं!"

अर्ज घरी घेऊन आले. बँकेवर काट मारली. कारण: खर्च जास्त. हेच खरं कारण आहे.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

निळ्याच्या नंबरवर फोन केला. दुसऱ्याच घंटेला माणसाने उचलला. खरा माणूस, 'एक दाबा, दोन दाबा' नाही. आवाज पस्तिशीतला, थोडा बसलेला. मधे एखादा महिना हप्ता चुकला तर काय, हे विचारलं. दंड नाही, तीन महिने चुकले तर योजना थांबते, पुन्हा सुरू करता येते. सगळं नीट सांगितलं.

"आणखी काही मदत करू शकतो का, मॅडम?"

तसं काही नव्हतं. पण एवढ्या आपुलकीने विचारल्यावर नाही म्हणवेना, म्हणून तारीख बदलता येते का, ते विचारलं. येते.

तक्त्यात लिहिलं, ग्राहकसेवा: दहापैकी नऊ.

२२ सप्टेंबर, मंगळवार

निळ्याला फोन, जिन्यात उभं राहून. पैसे काढायला किती दिवस लागतात. तीन.

२३ सप्टेंबर, बुधवार

निळ्याला फोन. ते तीन दिवस कामाचे की सुट्टी धरून. कामाचे. त्याचा घसा अजून बसलेलाच आहे. मिठाच्या गुळण्या करा म्हटलं. "करतो, मॅडम," म्हणाला आणि हसला. समोरच्या दातांत फट असावी, हसताना हवा निसटते.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

निळ्याला फोन. तारीख बदलता येते का.

"मॅडम, हे तुम्ही मागच्या शुक्रवारीही विचारलं होतं."

"पक्कं करून घेत होते."

"बरोबर आहे, मॅडम. पैशाचं काम आहे."

मी काही मूर्ख नाही. माणूस गुंतवणूक करतो तेव्हा चौकशी करणारच. हिरव्यालाही केली असती, पण हिरव्याला फोन नंबरच नाही. तिथे एक चौकट उघडते आणि कार्टून विचारतं, 'मी तुमची कशी मदत करू?' त्याला विचारलं, तुम्ही माणूस आहात का? तर म्हणे, हा प्रश्न मला समजला नाही.

२९ सप्टेंबर, मंगळवार

आज फोन एका मुलीने उचलला. ते कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, "कोण ते, मॅडम?" नाव मी कधी विचारलंच नव्हतं. घसा बसलेले, म्हटलं. "त्यांची बदली दुसऱ्या विभागात झाली. मी काय मदत करू?"

काही नको, म्हटलं.

जिन्यातून वर आले तर पॉलिशकाका म्हणाले, "काय बाई, बाजार पडला का?"

ग्राहकसेवेचे नऊ खोडून सात केले. नंतर पुन्हा नऊ केले. तिचा काय दोष.

४ ऑक्टोबर, रविवार

सात तारीख तीन दिवसांवर आली. बसून दोन्ही ॲपवर अर्ज भरत गेले. हिरव्यावर खरंच पटापट झालं. नाव, पत्ता, ओळखपत्राचा फोटो. मग नॉमिनी. खाली बारीक अक्षरात एक बटण: 'नंतर भरा'. छान सोय.

निळ्यावर ते बटण नाही. शोधलं. नॉमिनीचं नाव, नातं, जन्मतारीख, मोबाईल. हे भरलं की त्या माणसाच्या मोबाईलवर संदेश जातो, आणि त्याने सात दिवसांत 'मान्य' दाबलं तरच खातं सुरू होतं. मुलीला फोन करून विचारलं, हे सोडून पुढे जाता येणार नाही का?

"नाही, मॅडम. आमच्याकडे पूर्वी खूप जणांचे पैसे पडून राहिले. कुणाला कळवायचं तेच माहीत नव्हतं. म्हणून आता अट केलीय."

निळ्याच्या तोट्यांत लिहिलं: नॉमिनीचा रकाना सोडू देत नाही.

नातं या रकान्यात यादी उघडते. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, इतर. मला त्यातलं एकच आहे, आठवं.

धाकटीशी मे महिन्यापासून बोलणं नाही. कधीतरी हे लिहायलाच हवं, तर आज लिहिते.

आईची कवळी मी केली होती, अकरा वर्षांपूर्वी. तिचा वरचा उजवा सुळा थोडा फिरलेला असायचा. मी सरळ बसवत होते तर म्हणाली, "खबरदार. आरशात दुसरीच बाई दिसेल." जुना फोटो भिंग लावून बघत तसाच वाकडा बसवला. एप्रिलच्या शेवटी कवळीला तडा गेला. दुरुस्तीला लॅबमध्ये नेली. एका तासाचं काम. पण त्या आठवड्यात डॉक्टरांची घाईची कामं होती, आणि आईची गिऱ्हाईक म्हणून तक्रार थोडीच येणार होती. "उद्या करते," असं तीन दिवस म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी आई उठली नाही.

तिला नेताना गाल आत गेलेले होते. धाकटी दारातच थबकली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "जगाला दात देतेस आणि आईला बोळक्या तोंडाने पाठवतेस?"

आणि मी म्हणाले, "तू महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचीस. पाहुणी होतीस तू."

दोघींच्या मध्ये पडणारी आई तिथेच होती, पण ती काही बोलू शकत नव्हती.

७ ऑक्टोबर, बुधवार

सात तारीख. हिरव्यावर सगळं भरून तयार होतं, 'नंतर भरा' दाबायचं बाकी. बोट नेलं आणि मेणवालीने हाक मारली, काम आलंय म्हणून. मग राहिलं.

औषधवाल्यांकडे खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. ते म्हणाले, "डॉक्टरांना दाखवा एकदा. महिना झाला."

८ ऑक्टोबर, गुरुवार

कालचं काम म्हणजे एका दाताची प्लेट. टाळूला लागणारी पातळ पट्टी, तिच्यावर एकच दात. क्लिनिक शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं, आजवर त्यांचं एकही काम आमच्याकडे आलेलं नाही. खोक्यात ठसा, रंगाचा नंबर आणि चिठ्ठी. रुग्णाचं नाव नसतंच, नुसता क्रमांक. चौऱ्याहत्तर.

चिठ्ठीत लिहिलं होतं: 'वरचा उजवा सुळा. मूळचा किंचित फिरलेला होता, तसाच हवा, रुग्णाचा आग्रह. घाई नाही. पण जुन्या हाताने व्हावं.'

पॉलिशकाकांनी चिठ्ठी वाचली. "पैसे देऊन वाकडा दात मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय."

"दुसरं," मी म्हणाले.

मालकांना 'जुन्या हाताने' हे फार आवडलं. "बघा, नाव पोचलंय आपलं तिकडेपर्यंत." मला वाटतं, क्लिनिकला स्वस्तात काम हवंय आणि आधी साखर पेरतायत.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी ठशात प्लास्टर ओतलं, अकरा वाजता साचा सोडवला, कडा घासल्या, टेबलावर ठेवला.

मग बराच वेळ दुसरं काम हातात घेतलं नाही.

समोरच्या डाव्या दाताचा खालचा कोपरा उडालेला आहे, तिरका. चौकोनी बिस्किटाचा कोपरा खाल्ल्यासारखा. धाकटी सात वर्षांची होती, मी बारा. बागेतल्या झोक्यावर ती 'अजून जोरात, ताई' म्हणत होती आणि मी जोरात ढकललं. आईला आम्ही सांगितलं, ती आपणहून पडली. ही थाप तिचीच. मला मार बसू नये म्हणून.

पॉलिशकाका म्हणाले, "बाई, साच्याशी बोलताय का?"

बोलत नव्हते. बोट फिरवत होते फक्त.

तिचा सुळा कशाने गेला असेल? हिरड्या सुजलेल्या दिसतात. वर्षभर तरी दुखलं असणार. म्हणजे मेमध्येही दुखत असेल.

क्लिनिकला फोन करून विचारता येणार नाही. आपला संबंध क्रमांकाशी. आणि तिला कुठून माहीत असणार आपलं तोंड कुणाच्या टेबलावर येऊन पडलंय ते! डॉक्टर काही पेशंटला सांगत नाहीत, दात कुठे बनतो.

१० ऑक्टोबर, शनिवार

घरून आईची कवळी घेऊन गेले. तडा मी मेमध्येच भरला होता, सगळं आटोपल्यानंतरच्या सोमवारी. तासाभराचंच काम होतं.

कवळी एका बाजूला, चौऱ्याहत्तरचा साचा दुसऱ्या बाजूला. पेटीतून सुळा निवडला, टोक घासलं, मेणात बसवला, फिरवला. आईचा होता तेवढा फिरवला तर जास्त वाटला. धाकटीचा त्याहून थोडा कमी होता. किती कमी, हे सांगणारं मोजमाप नाही. ती हसून 'चल गं' म्हणते ते आठवत बसले आणि तेवढा ठेवला.

मालक येऊन म्हणाले, "एका दाताला दिवस?"

"घाई नाही असं लिहिलंय."

"त्यांची नाही. माझी आहे."

१४ ऑक्टोबर, बुधवार

प्लेट तयार. पॉलिशकाकांना पॉलिश करू दिलं नाही, स्वतः केलं. ते रुसले. "तीस वर्षांत माझ्या हातून एक दात तरी खरवडला का?" शेवटी दोन हात त्यांना मारू दिले.

टाळूची पट्टी होईल तेवढी पातळ ठेवली आहे. जाड असली की 'स' म्हणताना हवा अडते.

खोकं बंद करताना आत चिठ्ठी टाकावीशी वाटली. काय लिहायचं? 'पहिले चार दिवस मऊ खा' एवढंच लिहिता आलं असतं, आणि ते डॉक्टर सांगतातच. टाकली नाही.

१९ ऑक्टोबर, सोमवार

चौऱ्याहत्तरचं काम परत आलं नाही. परत आलं नाही म्हणजे बसलं.

ज्याचं सगळं नीट बसतं त्याचा आपल्याशी संबंध तिथेच संपतो. लागलं, टोचलं, हललं, तरच परत येतात. इतकी वर्षं हे चांगलंच वाटत आलं.

२५ ऑक्टोबर, रविवार

वही घेऊन बसले. हिरवं आणि निळं यांत आता फरक उरलेला नाही. खर्च तेवढाच, हप्ता तेवढाच, पैसे काढायला दोन दिवस किंवा तीन. हिरव्यावर अजूनही अर्ज तसाच थांबलाय. उघडलं की नाव घेऊन स्वागत करतं आणि विचारतं, 'पुढे जायचं?'

शेजारीण साखर मागायला आली होती. वही बघून म्हणाली, "अजून तुमचं चाललंच आहे? एवढ्यात माझ्या भाचीचं लग्न ठरून मोडलं!"

तिला सांगितलं, निळं बरं आहे पण नॉमिनीशिवाय पुढे जाऊ देत नाही.

"मग टाका की बहिणीचं. आहे ना?"

"आहे."

"मग?"

साखर जरा जास्तच दिली तिला, विषय संपावा म्हणून.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

सात तारखेचा हप्ता हवा असेल तर आज भरणं भाग. सात दिवस त्या संदेशाला लागतात.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून निळं उघडलं. नाव, तिचं पूर्ण नाव, सासरचं आडनाव लावून. नातं, बहीण. जन्मतारीख बघावी लागली नाही. मोबाईल, तोही पाठ. हिस्सा, शंभर टक्के.

बटणावर 'पाठवा' लिहिलेलं असतं. दाबलं. लगेच वाटलं, तिला काय दिसेल? तिच्या फोनवर परकी अक्षरं येणार, 'अमुक यांनी तुम्हाला नॉमिनी केले आहे'. सहा महिने ज्या बहिणीने एक शब्द टाकला नाही, तिच्याकडून पहिलं वाक्य हे. ते माझं वाक्यसुद्धा नाही.

रद्द करता येतं का, विचारायला फोन केला. मुलगी म्हणाली, "येतं, मॅडम. करू?"

"थांबा," म्हटलं. ती थांबली. बराच वेळ थांबली बिचारी.

"राहू दे."

"ठीक आहे, मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?"

"नाही. आज नाही."

३१ ऑक्टोबर, शनिवार

स्थिती: प्रतीक्षा.

१ नोव्हेंबर, रविवार

प्रतीक्षा. दिवसभरात अकरा वेळा उघडून पाहिलं. कपाट आवरलं. चार पुडकी खालच्या खणात ठेवली.

३ नोव्हेंबर, मंगळवार

प्रतीक्षा. मेणवालीने विचारलं, "काय बघताय सारखं? भाव?"

हो म्हटलं.

४ नोव्हेंबर, बुधवार

प्रतीक्षा. तिने नंबर बदलला असेल. किंवा बदलला नसेल. दोन्हींपैकी कोणतं बरं, ते ठरवता येत नाही.

हिरव्याचा अर्ज अजून उघडा आहे. उद्या संध्याकाळपर्यंत बघायचं आणि 'नंतर भरा' दाबून मोकळं व्हायचं. बावीसशेच तर आहेत.

५ नोव्हेंबर, गुरुवार

साडेपाचला लॅबमधून निघत होते. कोट अर्धा अंगात, आणि फोन वाजला. तिचा नंबर. कोट खाली पडला.

"ताई, मी बोलतेय."

"हं."

"मला शुक्रवारी एक मेसेज आलाय. तुझ्या नावाचा. आजकाल काय काय येतं, हे म्हणाले हात लावू नकोस. म्हणून सहा दिवस लावला नाही. खरा आहे की लबाडीचा?"

"खरा आहे."

"तूच केलंयस?"

"मीच."

"बरं. त्यात 'मान्य' दाबायचंय. दाबलं की काय होतं?"

"मी गेले की पैसे तुला मिळतात."

"किती आहेत?"

"आत्ता काहीच नाहीत. परवापासून दरमहा बावीसशे."

"म्हणजे माझं काही व्हायचं असेल तर तुला बरीच वर्षं जगावं लागणार."

मला हसू आलं. ती हसली नाही, पण आवाजाची धार गेली. मागे कुकरची शिट्टी झाली, तशी ती कुणावर तरी ओरडली, "अरे बंद कर तो!" हेही किती महिन्यांनी ऐकलं.

बोलताना तिच्या 'स'ला अजून किंचित हवा लागत होती. तीन आठवडे झाले, एव्हाना जायला हवं होतं. पट्टी आणखी पातळ करता आली असती का? याच विचारात होते आणि तोंडातून निघून गेलं, "रोज पाच मिनिटं मोठ्याने वाच. 'स'ची अक्षरं. जाईल ते."

"वाचते. वर्तमानपत्र वाचते मोठ्याने. हे वैतागलेत."

"आणि रात्री काढून पाण्यात ठेव."

"ठेवते गं." मग म्हणाली, "वाकडा छान बसलाय."

"बरं झालं."

"आईची कवळी कुठाय?"

"माझ्याकडे. दुरुस्त केली."

"कधी?"

"नंतर," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मी पण त्या दिवशी..." मग म्हणाली, "ताई, हे बटण दाबते आधी. नाहीतर मुदत संपायची. रविवारी आहेस ना घरी?"

"मी कुठे जाणार, ठमे."

"फळं आणणार नाही."

"आण."

फोन ठेवल्यावर उमगलं. दाताबद्दल मी बोलूनच बसले! मला कसं कळलं, असं तिने विचारलं असतं तर काय सांगणार होते? पण ती आपली बोलण्याच्या भरात होती. नशीब, तिच्या लक्षात आलं नाही.

पॉलिशकाकांनी कोट उचलून झटकून दिला. "बाई, बाजार चढला वाटतं."

७ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी साडेनऊला संदेश आला. पहिला हप्ता जमा. स्थिती: सुरू. नॉमिनी: मान्य.

औषधवाल्यांकडे गेले. चारही पुडकी काउंटरवर ठेवली. त्यांनी गाठी बघितल्या, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "फोडली होती ना?"

"नव्हती."

"आता मुदत गेली बाई दोनांची. दोनांचेच पैसे देता येतील."

"द्या."

"आणि खोकला?"

"गेला," म्हटलं.

घरी येऊन वही काढली. 'का निवडलं' हा रकाना अजून कोरा होता. तिथे काय लिहावं सुचेना. मग वर गेले आणि निळ्याच्या तोट्यांतली एकच ओळ पट्टी लावून सरळ खोडली, 'नॉमिनीचा रकाना सोडू देत नाही'. आणि शेजारी, फायद्यांत, तीच ओळ पुन्हा लिहिली.

उद्या ती येणार. दोन कप धुऊन ठेवले आहेत. आईची कवळी डबीत, टेबलावर.